गेरूच्या दोन गोण्या

फौजेतला एक विनोद आपल्या सगळ्यांना पाठ आहे: जे हलते त्याला सॅल्यूट करा, जे हलत नाही त्याला गेरू-चुना फासा. वार्षिक इन्स्पेक्शनच्या आधीच्या आठवड्यात आपण तेच करतो. परेड ग्राउंडच्या कडेच्या विटा, झाडांची खोडे, कुंड्या, सगळे लाल-पांढरे होते. या वर्षी आमच्या हाऊसकडे ग्राउंडची पूर्वेची बाजू होती. काम संपवून लांब उभे राहून पाहिले, तर पश्चिमेकडच्या विटा गडद तांबड्या आणि आमच्या नारिंगी. फिकट नव्हे, नारिंगी. उस्तादांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, "पानी ज्यादा डाला है."

ड्रममध्ये गेरू कालवायचे काम सातवीतल्या एका ज्युनिअरकडे होते आणि त्या तुकडीचा इनचार्ज मी होतो. मी त्याचे नाव सांगितले. तो म्हणत होता, "सर, माप बरोबर घेतलं होतं, एका बादलीला चार मग." मी ऐकले नाही. त्याने ग्राउंडचे तीन राउंड मारले.

संध्याकाळी ब्रश परत करायला स्टोअरमध्ये गेलो तेव्हा गेरूच्या दोन गोण्या दिसल्या. एक गेल्या वर्षीची उरलेली, दुसरी नवीन आणलेली. आमच्या बाजूला नवीन गोणी आली होती. दोन्हींतली चिमूटभर भुकटी मी दोन काडेपेट्यांत भरून घेतली. पुढचे दोन महिने मी या दोन काडेपेट्यांच्या मागे होतो. मातीचा रंग कशामुळे येतो, आणि दोन मातीरंगांतला फरक उजेडाच्या मदतीने कसा ओळखतात, ते या लेखात सांगतो. आपण शास्त्र इंग्रजीतून शिकतो, त्यामुळे काही मराठी शब्द मी रविवारच्या फोनवर आईला विचारून घेतले आहेत. चुकले असतील तर ते माझे.

आधी गेरू म्हणजे काय ते पाहू. मराठीत त्याला काव असेही म्हणतात. आमच्या गावी आजी तुळशीवृंदावनाला काव लावते, आणि वारली चित्रांची तांदळाच्या पिठाने काढलेली पांढरी माणसे बऱ्याचदा गेरूच्या लाल भिंतीवर नाचत असतात. पिवळ्या मातीरंगाला जुने लोक पिवडी म्हणतात. हे सगळे रंग म्हणजे खनिजे मिसळलेली माती. मातीत चिकणमाती असते, वाळूचे बारीक कण असतात, कधी चुनखडी असते. पण रंग येतो तो लोहाच्या संयुगांमुळे, आणि बहुतेक वेळा ती दोनच असतात. लाल रंग हेमॅटाइटचा. हे नाव ग्रीक भाषेतल्या रक्ताच्या शब्दावरून आले आहे. पिवळा रंग गोएथाइटचा. हे नाव जर्मन कवी गोएथेवरून पडले. त्याला खनिजे गोळा करण्याचा छंद होता, आणि रंगांवर त्याने एक जाडजूड पुस्तकही लिहिले होते. कवीच्या नावाने पिवळी माती ओळखली जाते, हे मला फार आवडले.

दोन्हींत लोह एकच, ऑक्सिजन एकच. फरक इतकाच, की गोएथाइटमध्ये हायड्रोजनही बांधलेला असतो आणि अणूंची मांडणी वेगळी असते. तेवढ्याने रंग बदलतो. लोह आणि ऑक्सिजन यांच्यातले इलेक्ट्रॉन निळा-जांभळा प्रकाश शोषून घेतात. गोएथाइटमध्ये ही भूक साधारण ५०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपास कमी होऊ लागते, म्हणून हिरव्याचा काही भाग, पिवळा आणि लाल परत येतात आणि डोळ्याला पिवळे दिसते. हेमॅटाइट हिरवाही खातो. त्याच्याकडून परत येणारा प्रकाश ५५० ते ६०० च्या मध्ये एकदम वाढतो, म्हणून ते लाल. डोळा मात्र ही बेरीज करून एकच उत्तर देतो: "लाल" किंवा "नारिंगी". बेरजेत कोणकोणते आकडे होते ते तो सांगत नाही. नारिंगी विटेत पाणी जास्त आहे, की पिवळी माती मिसळली आहे, की बाजारी रंग घातला आहे, हे नुसत्या नजरेने कळत नाही. त्यातून हेमॅटाइट इतके जबरदस्त रंगते, की थोडेसे असले तरी सगळी माती लाल दिसते आणि भरपूर गोएथाइट त्याच्याआड लपून जाते.

ही बेरीज उलगडायची तर परत आलेला प्रकाश रंगारंगांत फोडून, प्रत्येक रंग किती आला ते मोजावे लागते. याला वर्णपट काढणे म्हणतात, आणि या शास्त्राला स्पेक्ट्रोस्कोपी.

फिजिक्सच्या सरांनी सांगितले, आधी आपल्याकडे आहे त्यात करून बघ. मी बुटांच्या खोक्यात वर्णपटमापक बनवला. एका टोकाला अगदी बारीक फट, दुसऱ्या टोकाला जुन्या डीव्हीडीचा तुकडा आणि त्यामागे सरांचा मोबाइल. डीव्हीडीवर दर मिलिमीटरला सुमारे १३५० रेघा असतात, त्या प्रकाश फोडतात. (सीडीवर याच्या निम्म्याहूनही कमी असतात, म्हणून डीव्हीडी बरी.) फोटोतली कोणती जागा म्हणजे किती नॅनोमीटर, हे ठरवायला मी हॉस्टेलच्या जुन्या सीएफएल दिव्याचा फोटो घेतला. त्यातल्या पाऱ्याच्या रेघा ठरलेल्या जागीच येतात, निळी ४३६ वर आणि हिरवी ५४६ वर. मापे घेताना मात्र सीएफएल किंवा एलईडी चालत नाही, कारण त्यांचा प्रकाश सगळ्या रंगांत सारखा पसरलेला नसतो. मी जुना पिवळा बल्ब वापरला.

आणखी एक गोष्ट माझ्याकडून दोन दिवस राहून गेली होती. नुसता गेरूवरून आलेला प्रकाश मोजून काही कळत नाही, कारण बल्बचा स्वतःचा रंग त्यात असतोच. म्हणून आधी पांढऱ्या वस्तूवरून आलेला प्रकाश मोजायचा, मग गेरूवरून आलेला, आणि दुसऱ्याला पहिल्याने भागायचे. मी पांढरे म्हणून आपला चुनाच वापरला. गेरू-चुन्याची जोडी इथेही कामाला आली.

पहिली मोठी चूक तर याहून मजेशीर होती. सुरुवातीला मी रंगवलेली वीटच खोक्यासमोर धरली. दोन्ही बाजूंच्या विटांचे आलेख जवळजवळ सारखे आले आणि मी गोंधळलो. सर हसले. म्हणाले, "वीट लाल का असते?" भट्टीत भाजल्यावर चिकणमातीतल्या लोहाचे हेमॅटाइट होते, म्हणून. म्हणजे मी पातळ रंगाखालच्या विटेचेच हेमॅटाइट मोजत होतो! त्यानंतर काडेपेटीतली भुकटीच कागदावर जाड थर करून मोजली. असा जाड थर घेतला, की पाणी कमी-जास्त झाल्याचा प्रश्नही उरत नाही.

आता फरक दिसला. जुन्या गोणीचा आलेख ५६० पर्यंत खाली झोपलेला, मग चढलेला. नवीन गोणीचा ५०० च्या पुढेच हळूहळू उठू लागला आणि ५६० नंतर आणखी चढला. भुकटी कोरडीच होती, म्हणजे दोष पाण्याचा नव्हता. पण मग कशाचा? पिवळ्या मातीचा की भेसळीच्या पिवळ्या रंगाचा? खोके इथे थांबले. हेमॅटाइट आणि गोएथाइट यांची खरी वेगळी ओळख डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त भागात असते. हेमॅटाइट ८६० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषते, गोएथाइट ९०० च्या पुढे. मोबाइलच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी काच असते, त्यामुळे आमचा आलेख ७०० च्या जवळच संपत होता. मी मात्र मनात ठरवून टाकले होते, की दुकानदाराने भेसळ केली. स्वतःची चूक दुसऱ्या कोणावर तरी गेली तर बरेच वाटते.

फेब्रुवारीत विज्ञान दिनानिमित्त आम्हा दहा जणांना जवळच्या एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत नेले. विज्ञान दिन २८ फेब्रुवारीलाच का, हे क्विझमुळे सगळ्यांना माहीत असते: १९२८ साली त्या दिवशी कोलकात्यात सी. व्ही. रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्याबरोबर केलेला शोध जाहीर झाला, आणि १९३० चे नोबेल रामन यांना मिळाले. पण तो शोध नेमका काय, हे मला क्विझमध्ये शंभर वेळा बरोबर उत्तर देऊनही माहीत नव्हते. एकाच रंगाचा प्रकाश पदार्थावर टाकला, की तो विखुरतो. जवळजवळ सगळा प्रकाश आला त्याच रंगाचा परत जातो. साधारण कोटीत एखादा प्रकाशकण मात्र पदार्थातल्या अणूंच्या थरथरण्याला थोडी ऊर्जा देऊन किंवा त्यांच्याकडून घेऊन जातो, आणि त्याचा रंग किंचित बदलतो. किती बदलला ते मोजले, की अणू कसे थरथरतात ते कळते. थरथरण्याची पद्धत प्रत्येक खनिजाची वेगळी. त्यामुळे रामन वर्णपट हा खनिजाचा बोटाचा ठसाच असतो. हे बदल प्रति सेंटिमीटर या एककात सांगतात. हेमॅटाइटचे ठळक ठसे २२५, २९२ आणि ४११ च्या आसपास येतात. गोएथाइटचा सगळ्यात मोठा ठसा ३८५ च्या जवळ, आणि त्याशेजारी ३०० ला एक. नुसते ३०० च्या आसपास काही दिसले म्हणून निकाल देता येत नाही, कारण तिथे दोघेही जवळजवळ असतात. ३८५ ला कोणी आहे का, हे पाहायचे.

तिथल्या संशोधक ताईंना मी काडेपेट्या दाखवल्या. त्या म्हणाल्या, "गेरू? आण इकडे." जुन्या गोणीचा कण सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला: २२५, २९२, ४११. स्वच्छ हेमॅटाइट. नवीन गोणीतला एक पिवळसर कण निवडला आणि लेसर सोडला. पडद्यावर पुन्हा हेमॅटाइट! म्हणजे माती तीच. म्हणजे भेसळ नाही, आणि मग पाणीच जास्त पडले असणार. खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले. मी वहीत लिहूनही टाकले: दोन्ही गोण्या सारख्या.

ताई मात्र कणाकडे बघत होत्या. लेसर पडला होता तिथे एक लहानसा तांबडा ठिपका उमटला होता. त्यांनी लेसरची ताकद बरीच कमी केली, दुसरा तसाच पिवळा कण घेतला आणि जास्त वेळ मोजले. या वेळी ३८५ वर उंच शिखर आले. गोएथाइट. पहिल्या वेळी लेसरने कण इतका तापवला होता, की मोजता मोजताच गोएथाइटचे हेमॅटाइट झाले. आम्ही मोजले ते मातीचे नव्हते, आमच्याच भाजण्याचे होते. मातीरंगांवर काम करणाऱ्यांना हा धोका चांगला माहीत असतो, म्हणून ते कमी ताकदीने सुरुवात करतात आणि मोजून झाल्यावर कण पुन्हा पाहतात. मी वहीतले वाक्य खोडले.

नवीन गोणीतले आणखी काही कण मोजले. काही हेमॅटाइटचे, बरेच गोएथाइटचे, काही वाळूचे. कृत्रिम रंगाचा मागमूस नाही. दुकानदाराने फसवले नव्हते. दुसऱ्या खाणीतली किंवा त्याच खाणीच्या दुसऱ्या थरातली माती असणार, जिच्यात पिवळा भाग जास्त होता. तीसुद्धा खरीच माती, फक्त आपल्याला हवी तेवढी लाल नाही.

तिथे आणखी दोन यंत्रे पाहिली. एक क्ष-किरणांनी मूलद्रव्ये सांगते. त्याने दोन्ही गोण्यांत भरपूर लोह दाखवले आणि तेवढ्यावर थांबले. लाल लोह की पिवळे, हे त्याला कळत नाही. पण तपकिरी माती आणली असती, तर त्यात मँगनीज आहे का ते त्याने लगेच सांगितले असते. तपकिरी अंबर मातीची ती खूण. दुसरे यंत्र अवरक्त प्रकाशाचे. ते रंगापेक्षा रंगाच्या सोबत्यांना चांगले ओळखते: केओलिन नावाची पांढरी चिकणमाती, चुनखडी, जिप्सम. मातीरंगांचे वर्गीकरण करताना हे सोबती फार महत्त्वाचे. लाल तर जगभर हेमॅटाइटनेच होते. पण एका ठिकाणच्या लाल मातीत केओलिन आहे, दुसरीत चुनखडी, तिसरीत नुसती वाळू, यावरून माती कोणत्या प्रकारची आणि कुठली असू शकेल याचा माग लागतो. एका यंत्रावर निकाल द्यायचा नाही, असे ताई दोनदा म्हणाल्या.

याचा उपयोग विटांपेक्षा मोठ्या कामांना होतो, हे सांगायला नकोच. मध्य प्रदेशात रायसेन जिल्ह्यात भीमबेटकाच्या गुहा आहेत. १९५७ साली वि. श्री. वाकणकर यांनी तिथली चित्रे उजेडात आणली, आणि २००३ मध्ये त्या जागतिक वारसा झाल्या. अशा चित्राचा तुकडा खरवडून प्रयोगशाळेत नेणे म्हणजे चित्रच बिघडवणे. म्हणून सहज नेता येणारे रामन यंत्र थेट गुहेत नेऊन, चित्राला हात न लावता तिथल्या रंगांचा अभ्यास झाला आहे. लेसरने भाजण्याचा धोका तिथे किती मोठा, याचा विचार करा. आपला कण भाजला तर दुसरा घेता येतो. हजारो वर्षांपूर्वीच्या बैलाचे शिंग पुन्हा काढता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातल्या अजिंठ्याची गोष्ट तर आणखी रंगीत आहे. तिथला लाल आणि पिवळा रंग मातीचाच. हिरवाही मातीचा: सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्ट दगडात पोकळ्या असतात, त्यांत हिरवे खनिज भरलेले सापडते, त्यालाच हिरवी माती म्हणतात. निळा मात्र मातीचा नाही. तो लाजवर्द दगडाचा आहे, आणि हा दगड आजच्या अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून यायचा. म्हणजे एकाच भिंतीवर काही रंग पायाखालचे आणि एक रंग हिंदुकुश ओलांडून आलेला.

आणि जे इतिहासाला कंटाळतात त्यांच्यासाठी: नासाच्या यानाने मंगळाभोवती फिरताना अवरक्त वर्णपटात एका सपाट मैदानावर हेमॅटाइट ओळखले, म्हणून २००४ मध्ये ऑपर्च्युनिटी ही गाडी नेमकी तिथेच उतरवली. तिथे पाणी होते का, याचा शोध गेरूच्याच खनिजावरून सुरू झाला.

परत आल्यावर एक परीक्षा उरली होती, जिला कोणतेही यंत्र लागत नाही. केमिस्ट्रीच्या मॅडमच्या देखरेखीखाली दोन मुशींत दोन गोण्यांची भुकटी घेतली आणि बर्नरवर चांगली तापवली. गोएथाइट साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पाणी सोडून हेमॅटाइट होते. जुन्या गोणीच्या भुकटीत फारसा फरक पडला नाही. नवीन गोणीची नारिंगी भुकटी डोळ्यांदेखत तांबडी झाली. बाजारातला सेंद्रिय पिवळा रंग असता, तर तो जळून काळा पडला असता. वर धरलेल्या थंड काचेवर पाण्याचे बारीक थेंबही जमले, पण त्यांना मी पुरावा म्हणत नाही, कारण ओलसर चिकणमातीही पाणी सोडते. पुरावा म्हणजे रंग. थंड झाल्यावर दोन्ही मुशी शेजारी ठेवल्या, तर कोणती कुठली हे मला चिठ्ठी पाहूनच सांगता आले.

त्या मुशी घेऊन मी आधी उस्तादांकडे गेलो. त्यांनी दोन्ही नीट पाहिल्या आणि विचारले, "तो अगली बार बोरी भून के लगाएँ क्या?" मग म्हणाले, दोन्ही गोण्या एकत्र मिसळून लावू, म्हणजे सगळ्या विटा एकसारख्या दिसतील. हे मला दोन महिन्यांत सुचले नव्हते.

नंतर त्या ज्युनिअरला प्रेपनंतर बोलावले. त्याला वाटले, आणखी काही झाले. मी सांगितले, की माप बरोबर होते, माती वेगळी होती, आणि मी न तपासता त्याचे नाव दिले होते. त्याने दोन्ही मुशी वास घेऊन पाहिल्या, का ते माहीत नाही, आणि विचारले, "मग सर, ते तीन राउंड?"

दुसऱ्या दिवशी पीटीनंतर ते मी मारले. तो पूर्वेच्या बाजूला, नारिंगी विटांजवळ उभा राहून मोजत होता.